आधी हो, नाही आणि नको

वडोदऱ्याहून एका सुनेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत:

"माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७१, निवृत्त शिक्षक. आधी पाय, मग हात, मग श्वास असं आठवड्याभरात सगळं गेलं. गिलन-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस (नसांचा आजार, ज्यात स्नायू लुळे पडतात) असं निदान झालं. आज आयसीयूतला सोळावा दिवस. चार दिवसांपूर्वी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, व्हेंटिलेटर चालू आहे. डोळे उघडे असतात, ओठ थोडे हलवतात, उजवा अंगठा जरासा हलतो. काय म्हणतात ते आम्हाला कळत नाही, सिस्टरांना तर नाहीच. त्या गुजराती आणि हिंदी बोलतात, अण्णा मात्र घाबरले की मराठीवर येतात. आम्हाला सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं आत सोडतात. पुतण्याने टॅबलेट पाठवला, त्यातलं चित्रांचं ॲप इंग्रजीत आहे. अण्णांनी दोनदा बघितलं, नजर फिरवली आणि डोळ्यांत पाणी आलं. आता कुणी म्हणतं, डोळ्यांनी चालणारं यंत्र घ्या, दोन लाखांच्या वर किंमत आहे. घ्यावं का? त्यांना सगळं समजतंय हे ओळखायचं कसं? आणि रात्री आम्ही नसताना त्यांनी काय करायचं?"

ताई, यंत्र आत्ता घेऊ नका. त्याची कारणं पुढे देतो. तुमचा तिसरा प्रश्न, रात्रीचा, सगळ्यात मोलाचा आहे. पण तिथे पोचायला आधी एक साधी गोष्ट पक्की व्हायला हवी: अण्णांचं "हो" कसं दिसतं हे घरच्यांना, दिवसपाळीच्या सिस्टरना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना सारखंच माहीत असणं.

आवाज का गेला ते समजून घ्या, म्हणजे डॉक्टरांचं बोलणंही कळेल. गळ्यातली नळी स्वरयंत्राच्या खाली बसते. तिच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा नळीतूनच आत जाते आणि नळीतूनच बाहेर येते, स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही. म्हणून अण्णा ओठ हलवतात आणि आवाज येत नाही. या फुग्याला सगळे "कफ" म्हणतात आणि इथे मराठी घरांत हमखास घोटाळा होतो. डॉक्टर म्हणतात "कफ कमी केला", घरच्यांना वाटतं छातीतला कफ कमी झाला. आपण या लेखापुरतं त्याला फुगाच म्हणू.

ओठ वाचण्याचा प्रयत्न आजपासून बंद करा. प, ब आणि म ओठांवर एकसारखे दिसतात. पोट, बोट आणि मोट हे तिन्ही शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. पोट दुखतंय म्हणणाऱ्या माणसाच्या बोटाचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा सारखा करून सगळे निघून जातात, असं त्यामुळेच होतं. क, ग, ट, ण ही अक्षरं तर तोंडाच्या आतच होतात, बाहेर काही दिसत नाही. शिवाय जीबीएसमध्ये चेहऱ्याचे स्नायूही अनेकदा दुबळे होतात, म्हणजे ओठांचा आकारच नीट होत नाही. कळलं नसताना "हो हो, बरं" म्हणून मान हलवू नका. तुम्हाला कळलेलं नाही हे त्यांना लगेच कळतं. "अण्णा, मला कळलं नाही, आपण दुसऱ्या रीतीने करू," असं सरळ म्हणा.

आता तयारी. अण्णांचा चष्मा कुठे आहे? बहुधा दाखल केल्या दिवशी काढून घरी पाठवला असेल, नाहीतर टेबलाच्या खणात. कानाचं यंत्र वापरत असतील तर तेही. आणा, पुसा, यंत्राचा सेल नवा घाला आणि डब्यावर नाव लिहा. टॅबलेट दाखवला तेव्हा चष्मा होता का, हे आठवून बघा. नसेल तर नजर फिरवण्याचं निम्मं कारण तिथेच सापडेल. डोळे नीट मिटत नसले तर कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालतात आणि त्यामागून सगळं धुरकट दिसतं. तुमच्या भेटीआधी डोळे पुसायला सिस्टरना सांगा, स्वतः पुसू नका. काही रुग्णांना एकाचे दोन दिसतात. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून एका डोळ्यावर पट्टी ठेवता येते. तुम्ही बसाल तिथे प्रकाश तुमच्या तोंडावर पडू द्या. पाठीमागे खिडकी असली तर अण्णांना नुसती काळी आकृती दिसते.

खूण निवडायची ती सर्वांत भरवशाच्या हालचालीवर. लोक पापणीवर जातात, "एकदा मिटलं तर हो, दोनदा मिटलं तर नाही". यात दोन अडचणी आहेत. माणूस आपोआपही पापण्या लववतो, आणि जीबीएसमध्ये पापणी पुरती मिटतेच असं नाही. त्यापेक्षा बुबुळं बघा. वर बघणं म्हणजे हो, एका ठरलेल्या बाजूला, समजा खिडकीकडे, बघणं म्हणजे नाही. खाली बघणं खुणेसाठी घेऊ नका, पापणी खाली येते आणि पेंगतायत की उत्तर देतायत ते कळत नाही. आधी खूण शिकवायची नाही, तपासायची: "अण्णा, वर बघा. आता खिडकीकडे बघा." दोन्ही पाच-पाच वेळा जमलं तरच तिला अर्थ द्या. बुबुळं सगळीकडे फिरत नसतील तर अंगठ्यावर या: हलवला तर हो, पाच सेकंदांत हलला नाही तर नाही. हे कमी चांगलं, कारण थकून न हललेला अंगठाही "नाही" ठरतो. म्हणून अशा "नाही"वर तोच प्रश्न उलटून विचारून खात्री करायची.

समजतंय का, हे ओळखायला दहा प्रश्न पुरतात, ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत. पाच "हो"चे, पाच "नाही"चे, क्रम सरमिसळ. "तुम्ही शिक्षक होता?" "आपण नागपूरला राहतो?" "सुरसागर तलावात मधोमध मूर्ती आहे ती महादेवाची?" "कमाटीबागेत समुद्र आहे?" दहापैकी आठ-नऊ बरोबर आली तर समज आणि खूण दोन्ही शाबूत आहेत. पाच बरोबर म्हणजे नाणं उडवल्यासारखं झालं, त्यावर काही ठरवू नका. पण एकदा चुकलं म्हणून "त्यांना काही समजत नाही" असंही ठरवू नका. झोपेचं औषध कधी दिलं ते सिस्टरना विचारा. आयसीयूत बऱ्याच रुग्णांना भ्रम होतो, तो दिवसभरात वर-खाली होतो आणि रात्री वाढतो. सकाळी दहापैकी चार आणि संध्याकाळी नऊ, हे नेहमीचं आहे. असा चढउतार दिसला तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांच्या उपयोगाची माहिती आहे ती.

प्रश्न विचारण्यात मराठी माणूस दोन ठिकाणी फसतो. एक, आपल्याला "दुखत नाही ना?" असं विचारायची सवय असते. त्यावर "हो" म्हणजे "हो, नाही दुखत" की "हो, दुखतंय"? "दुखतंय?" एवढंच विचारा. दोन, आपल्याकडे "नाही" वेगळं आणि "नको" वेगळं. "कूस बदलू?" या प्रश्नावर अण्णांनी खिडकीकडे बघितलं, तर त्याचा अर्थ आत्ता नको, कधीच नको, किंवा मला वेगळंच काही सांगायचंय, यातलं काहीही असू शकतं. म्हणून प्रत्येक "नाही"नंतर एक जोडप्रश्न ठेवा: "नको म्हणताय?" आणि मग, "दुसरं काही आहे?" "पाणी हवं की झोपायचंय?" असा दुहेरी प्रश्न तर विचारूच नका. हो-नाहीत त्याचं उत्तरच नाही.

यानंतर कार्ड. ए-३ आकाराचा एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे शे-दीडशे रुपयांत काम होतं. लॅमिनेशन मॅट मागा. चकचकीत घेतलं तर आडव्या पडलेल्या माणसाला त्यात छताची ट्यूबलाइट दिसते, अक्षरं नाहीत. अक्षर किमान २ सेंटिमीटर उंच, काळं, पिवळट पांढऱ्यावर. एका बाजूला १६ पेक्षा जास्त चौकोन नकोत.

चौकोनांत काय हे ठरवताना बाजारात मिळणाऱ्या कार्डांची नक्कल करू नका. त्यांत सफरचंद आणि टीव्ही असतात. पहिल्या ओळीत तातडीचं: श्वास लागतोय, कफ काढा, दुखतंय, घाबरल्यासारखं होतंय. दुसरीत अंगाचं: कूस बदला, गरम होतंय, थंडी वाजतेय, खाज येतेय. जीबीएसमध्ये अंग हलत नाही, पण अनेकांना दुखणं जोरात जाणवतं. पाठ, मांड्या आणि पावलं इतकी दुखतात की चादरीचा स्पर्श सहन होत नाही. म्हणून "चादर काढा" हाही एक चौकोन ठेवा, आणि कार्डाच्या मागे समोरून आणि पाठून अशी माणसाची बाह्यरेषा काढा. तिच्यावर तुम्ही बोट फिरवायचं, अण्णांनी थांबवायचं. "पाणी" लिहू नका, "तोंड कोरडं पडलंय" लिहा. नळी असताना पाणी प्यायला देतातच असं नाही. अण्णा मागणार, सिस्टर नाकारणार, आणि कार्डावरचा विश्वास तिथेच उडणार. तोंड ओल्या बोळ्याने पुसून देता येतं. लघवी आणि संडास यांचे चौकोन मोठे आणि शब्दांत हवेत. सुनेसमोर हे अक्षर-अक्षर जुळवून सांगावं लागणं ७१ वर्षांच्या माणसाला किती जड जाईल ते तुम्हीच जाणता. तिथे बोट पोचलं की काही न बोलता बाजूला व्हा आणि सिस्टरना बोलवा. उरलेल्या जागेत आणि मागच्या बाजूला: डोळे पुसा, चष्मा, लाइट बंद करा, किती वाजले, आज काय ठरलं, डॉक्टरांना विचारायचंय. आणि कोपऱ्यात, ठळक, "यातलं काहीच नाही".

हात चालत नसल्याने कार्ड अण्णा दाखवणार नाहीत, तुम्ही ओळीमागून ओळ विचाराल: "पहिली ओळ? दुसरी?" ते वर बघतील तिथे थांबायचं, मग त्या ओळीतले चौकोन एकेक. प्रत्येक विचारणेनंतर मनात तीनपर्यंत मोजा, पहिल्या दिवशी पाचपर्यंत. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: उत्तर येत असतानाच विचारणारा पुढे गेलेला असतो.

कार्डाबाहेरचं सांगायला अक्षरं लागतात, आणि इथे आपली वर्णमाला फार कामाची आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरं एका सरळ रांगेत असतात, त्यांच्या ओळी मुद्दाम पाडाव्या लागतात. आपली अक्षरं मुळातच वर्गांत बसलेली आहेत आणि शिक्षकाला ती झोपेतही पाठ असतात. अशी पाटी करा:

१. क ख ग घ
२. च छ ज झ
३. ट ठ ड ढ ण
४. त थ द ध न
५. प फ ब भ म
६. य र ल व
७. श स ह ळ
८. अ आ इ उ ए ओ

ङ, ञ, ष गाळले आहेत. क्ष साठी क. ज्ञ साठी कुणी द घेईल, कुणी ग, "ज्ञानेश्वर" दोन्ही तऱ्हांनी ओळखू येतो. काना, मात्रा, वेलांटी विचारायचीच नाही. शब्दाची सुरुवात स्वराने होत असेल तरच आठवी ओळ. "प, ण" आलं की पाणी. "उ, श" म्हणजे उशी. "ड, स" म्हणजे डास, जो आयसीयूतही असतो. "न, स" मात्र नस आणि नर्स असा दोघांत अडकतो, तिथे दोन्ही वाचून दाखवा.

"पडखं" (म्हणजे कूस) करून बघू. प: पाचव्या ओळीपर्यंत पाच विचारणा, त्यात पहिलं अक्षर, एकूण सहा. ड: तीन आणि तीन, पुन्हा सहा. इथे "पडखं?" असा अंदाज विचारा. तेरा विचारणा झाल्या, तीन-तीन सेकंदांप्रमाणे चाळीस सेकंदांच्या आत. पाठ असल्यामुळे दोन दिवसांत पाटी बघावीही लागत नाही, डोळे मिटून पडलेल्या माणसाशीही अंगठ्याच्या खुणेवर हे चालतं. वारंवार लागणारी अक्षरं वर आणावीत असा सल्ला कुणी देईल. इंग्रजीत तो बरोबर आहे, इथे नाही. पाठ असलेला क्रम मोडून जितका वेळ वाचेल त्याहून जास्त शोधण्यात जाईल. आठही ओळी संपल्या आणि उत्तर आलं नाही, तर "शब्द झाला?" आणि मग "खोडू?" एवढंच. अंदाज करण्याआधी एकदा परवानगी घ्या. काहींना आपलं वाक्य दुसऱ्याने पुरं केलेलं खपत नाही, आणि निवृत्त शिक्षकांना तर मुळीच नाही.

एक गोष्ट विचारून घ्या: अण्णा शाळेत कोणत्या लिपीत शिकले? वडोदऱ्यात घरी मराठी बोलणारे, पण गुजराती शाळेत शिकलेले आणि वर्तमानपत्र गुजराती वाचणारे पुष्कळ. तसं असेल तर पाटी गुजराती लिपीत करा. वर्ग तेच, क्रम तोच. सिस्टरनाही सोपं जाईल.

पारदर्शक पाटीबद्दलही कुणी सांगेल. अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर कडेकडेने अक्षरांचे गट लावायचे, दोघांनी आरपार बघायचं. पहिली नजर गटाकडे, दुसरी अक्षराच्या जागेकडे. जमली की बोलून विचारण्यापेक्षा वेगवान. पण तिला बुबुळं सगळ्या दिशांना फिरावी लागतात आणि समोरच्याला तीन-चार दिवसांचा सराव लागतो. एकाचे दोन दिसत असताना तर नकोच. केलीत तर ३ मिलिमीटर जाडीची, ए-३ आकाराची, कडा घासलेली घ्या, आणि आयसीयूत सगळं पुसतात त्या स्पिरिटने ती पुसू देऊ नका. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि मार्करची अक्षरंही उडतात. साबणाचं पाणी चालतं.

आता रात्र. तुमच्या वॉर्डातली बेल बहुधा हातात धरून दाबायची असेल, ती अण्णांना दाबता येणार नाही. फुंकरीवर चालणारे स्विच असतात, पण हवा तोंडातून जातच नाही तर फुंकर कुठून येणार? उरला उजवा अंगठा. रुग्णालयाच्या बायोमेडिकल (यंत्रं सांभाळणाऱ्या) विभागात विचारा, हलक्या दाबाचा स्विच त्यांच्या कॉलबेलला जोडून मिळतो का. नसेल तर सेलवर चालणारी बिनतारी दारावरची बेल घ्या. तिच्या बटणाला जोर लागतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून लांब पट्टीचा मायक्रोस्विच आणा आणि मेकॅनिककडून बेलच्या बटणाच्या दोन टोकांना दोन तारा डकवून त्या स्विचच्या "कॉमन" आणि "नॉर्मली ओपन" या टोकांना जोडून घ्या. पट्टी जितकी लांब तितका जोर कमी लागतो. अण्णांच्या बाजूला फक्त सेल, भिंतीतली वीज नाही. आणि हे सगळं इन्चार्ज सिस्टर आणि बायोमेडिकल विभागाची परवानगी घेऊनच. तिथल्या यंत्रांशेजारी काय चालतं ते त्यांनी ठरवायचं.

बिघाड कुठे होतो? स्विचमध्ये क्वचितच. दर दोन तासांनी कूस बदलतात, स्विच अंगठ्याखालून सरकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तो मऊ पट्टीवर बसवून हाताच्या फळीला वेल्क्रोने बांधा, सैलसर, कारण हात सुजतात आणि अण्णांना रुतलेलं सांगता येणार नाही. तार सलाइनच्या नळ्यांपासून वेगळी चिकटवा. दुसरा बिघाड म्हणजे खोटी घंटा. अंगठा नुसता टेकला तरी वाजत असेल तर रात्री दोनपर्यंत कुणीतरी ती बंद करून ठेवणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पट्टी थोडी वाकवून अंतर वाढवा आणि दहा वेळा हवी तेव्हा वाजते, दहा मिनिटं नको तेव्हा वाजत नाही, असं बघूनच घरी जा. बेल असली तरी सिस्टरना विनंती करा की येता-जाता तीनच प्रश्न विचारा: श्वास? कफ? दुखतंय?

हे कळावं म्हणून डोक्याशी भिंतीवर एक पान लावा, मोठ्या अक्षरात, गुजरातीत आणि हिंदीत. केरळकडच्या सिस्टर असतील तर इंग्रजीतही. गुजराती मजकूर असा चालेल, फक्त गुजराती लिपीत लिहून घ्या: "सांभळे छे अने समजे छे, मोटेथी बोलवानी जरूर नथी. उपर जुए एटले हा. बारी तरफ जुए एटले ना. जवाब माटे पांच सेकंड राह जुओ. स्विच जमणा अंगूठा नीचे छे के नहीं, जोई लेजो." प्रत्येक चौकोनाखालीही बारीक अक्षरात गुजराती शब्द घाला. अण्णा मराठी निवडतील, सिस्टर गुजराती वाचतील. एवढं एक काम टॅबलेटच्या सगळ्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दोन लाखांच्या यंत्राकडे येऊ. ते डोळ्यावर अदृश्य प्रकाश टाकतं आणि बुबुळावरचं त्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याने टिपून नजर कुठे आहे ते ओळखतं. मलम घातलेले डोळे, अर्धवट पापण्या, दुहेरी नंबरचा चष्मा यांच्यात ते अडखळतं. पडदा डोळ्यांसमोर साधारण हातभर अंतरावर हवा, त्यासाठी पलंगाला किंवा फरशीवर स्टँड लागतो, आणि कूस बदलली की मांडणी पुन्हा, बरेचदा जुळवणीही पुन्हा. रात्री तीन वाजता हे कोण करणार? शिवाय जीबीएसमध्ये दुबळेपणा बहुतेकांत २ ते ४ आठवड्यांत टोकाला जातो, काही काळ थांबतो आणि मग सावकाश ताकद परतू लागते. यंत्र येऊन सगळे शिकेपर्यंत अण्णांची गरज बदललेली असण्याची शक्यता मोठी. मोटर न्यूरॉनसारखा आजार असता, जिथे वर्षानुवर्षं हेच लागणार, तर सल्ला वेगळा दिला असता. तरीही घ्यायचंच ठरलं तर दुकानातल्या खुर्चीवर बसून दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर जाऊ नका, पलंगावर, अण्णांच्याच डोळ्यांवर, दोन दिवस लावून बघा. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली गळ्याला भोक पाडण्याच्या याच शस्त्रक्रियेने गेला, तेव्हा तेही सुरुवातीला अक्षरांच्या तक्त्यावर भुवई उंचावूनच बोलत होते. संगणक नंतर आला.

टॅबलेट परत पाठवू नका, बाजूला ठेवा. हाताची बोटं टेकू लागली की काढा. त्याआधी घरी बसून मराठी आवाज उतरवून घ्या, सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच या नावाखाली मिळतो. आयसीयूत नेटवर्कवर विसंबू नका. स्पर्शाच्या सेटिंगमध्ये "दाबून धरण्याचा वेळ" वाढवा, नाहीतर थरथरत्या बोटाचे एका जागी चार स्पर्श होतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं, मात्र त्याची मूळ रचना मुलांसाठी आहे, त्यामुळे अण्णांना ते पोरकट वाटेल. गूगलचं लूक टू स्पीक डावीकडे-उजवीकडे बघून वाक्य निवडू देतं आणि वाक्यं आपली घालता येतात. बुबुळं चांगली फिरत असतील तर फोनवर फुकटात करून बघण्यासारखं आहे.

बोलण्याच्या झडपेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. नळीच्या तोंडावर बसवायची ही एकेरी झडप आत हवा जाऊ देते, बाहेर येताना मिटते, मग हवा नळीच्या बाजूने वर स्वरयंत्राकडे वळते आणि आवाज निघतो. सगळ्यात मोठी अट जिवाशी आहे: फुगा पूर्ण रिकामा असला पाहिजे. फुगा फुगलेला आणि झडप बसवलेली, म्हणजे श्वास आत गेला आणि बाहेर यायला वाटच नाही. म्हणून ती घरच्यांनी कधीही हातात घ्यायची नाही. घशाचे स्नायू दुबळे असताना फुगा रिकामा केला तर लाळ छातीत उतरते, तेव्हा डॉक्टर "अजून नाही" म्हणाले तर त्यामागे कारण आहे. "फुगा रिकामा करून बघण्याचा विचार कधी करता येईल?" असा नेमका प्रश्न विचारा, आणि रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहेत का तेही. बहुधा ईएनटी विभागात चौकशी करावी लागते.

हे सगळं अण्णांची भाषा शाबूत आहे म्हणून चालेल. तुमचं पत्र वाचून कुणी पक्षाघाताच्या रुग्णाला अक्षरपाटी दाखवायला गेलं आणि शब्दच हरवलेले असले, तर पाटीने त्रासच वाढेल. तिथे चित्रं, खऱ्या वस्तू आणि स्पीच थेरपिस्ट.

एक वही पलंगाशी बांधून ठेवा. अण्णांनी जुळवलेला प्रत्येक शब्द, तारीख आणि वेळ घालून. "प, ड" म्हणजे पडखं हे एकदा लिहिलं की रात्रपाळीला पुन्हा शोधावं लागत नाही. भिंतीवरच्या पानावरही तारीख असू द्या. मान हलू लागली, बोट उचललं, तर खूण बदलेल आणि जुनं पान राहिलं तर निम्मी माणसं जुन्या खुणेवर चालतील.

उद्या सकाळच्या वीस मिनिटांत फक्त चष्मा, वर-खिडकीकडे, आणि ते दहा प्रश्न. कार्ड संध्याकाळी. पाटी परवा, आणि तिच्यावरचा पहिला शब्द कोणता, ते अण्णांना ठरवू द्या.